बाथरूममध्ये गटाराचा वास परत परत येतो? आधी वेळ बघा, मग जागा शोधा

बाथरूम घासून धुतलं, फिनाइल टाकलं, जाळीत डांबरगोळ्या ठेवल्या, प्लंबरने स्प्रिंग फिरवून लाइन साफ करून दिली, आणि आठवडाभरात वास पुन्हा हजर. ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या टॉवरपासून वाशी-नेरूळच्या जुन्या सिडको इमारतींपर्यंत ही तक्रार सगळीकडे सारखीच असते. तिच्यातली मुख्य खूण म्हणजे तो वास परत येतो. तुंबलेल्या लाइनचा वास लाइन मोकळी झाली की जातो. साफसफाईनंतरही परतणारा वास बहुतेक वेळा लाइनमधल्या हवेचा असतो. तिला घरात शिरायला कुठून तरी वाट मिळालेली असते, आणि फिनाइल ती वाट बुजवत नाही.

ही वाट एरवी बंद ठेवतं ते थोडंसं पाणी. कमोडच्या वळणात, बेसिनखालच्या बॉटल ट्रॅपमध्ये, जमिनीतल्या नहाणी ट्रॅपमध्ये पाणी साठून राहतं. प्लंबर त्याला वॉटर सील म्हणतात. साधारण ५० मिलिमीटर उंचीचा हा पाण्याचा थर तुमचं घर आणि गटार यांच्यामध्ये उभा असतो. दुसरं काहीच नसतं. ५० मिलिमीटर पाण्याचा दाब किती? वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम अर्धा टक्का. पाइपमधली हवा एवढीशीच ओढली गेली किंवा दाबली गेली तरी सील हलतं. हे लक्षात घेतलं की पुढचं बरंच कोडं सुटतं.

म्हणून पहिलं काम प्लंबरला फोन करण्याचं नाही. एक कागद बाथरूमच्या दाराला चिकटवा आणि वास आला की वेळ लिहा. त्या वेळी घरात काय चालू होतं तेही लिहा: एक्झॉस्ट, वॉशिंग मशीन, गिझर, एसी, बाहेर पाऊस. घरातल्या सगळ्यांना लिहायला सांगा, कारण सारखं त्या वासात राहिलेल्या माणसाचं नाक तो टिपेनासं होतं. चार-पाच दिवसांत त्या नोंदींमधून जे कळतं ते फरशी फोडूनही कळत नाही.

सुट्टीनंतरचा वास

सोपं आधी सांगतो. मे महिन्यात गावाला किंवा गणपतीत कोकणात गेलात, परत येऊन कुलूप उघडलं आणि घरभर वास, तर ट्रॅप सुकलेत. प्रत्येक जाळीत, बेसिनमध्ये, सिंकमध्ये दोन-दोन तांबे पाणी ओता, फ्लश करा, खिडक्या उघडा. तासाभरात वास गेला तर विषय संपला. पुढच्या वेळी निघण्यापूर्वी प्रत्येक जाळीत पाणी भरून वर दोन चमचे खाण्याचं तेल सोडा. तेलाच्या थराखाली पाणी लवकर आटत नाही.

पाहुण्यांच्या बाथरूमचंही हेच. तिथे अंघोळ कुणी करत नाही, बादल्या आणि सामान ठेवलेलं असतं, आणि कोपऱ्यातल्या जाळीत महिनोन् महिने पाणी पडत नाही. ड्राय बाल्कनीतली जाळी पण तशीच. दर शनिवारी तिथे तांब्याभर पाणी ओतायचं हे घरातल्या एकाने आपलं काम म्हणून घ्यावं.

ही बाब मी हलकी धरत नाही. २००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या गृहसंकुलात सार्सची लागण तीनशेहून जास्त रहिवाशांना झाली. चौकशीत जी कारणं पुढे आली त्यांत बाथरूमच्या जमिनीतले सुकलेले ट्रॅप आणि त्यांतून दूषित हवा आत खेचणारे एक्झॉस्ट पंखे होते. उंच टॉवर, लहान बाथरूम, सामाईक उभा पाइप: आपल्याकडची रचना त्याहून फार वेगळी नाही.

जाळीखाली बघा

जाळी काढा आणि टॉर्च मारा. पाणी चमकलं पाहिजे. पाणी दिसतच नसेल आणि ओतलं तरी राहत नसेल, तर ट्रॅप फुटलाय किंवा मुळात बसवलेलाच नाही. नव्या फॅशनच्या लांबट चॅनल जाळ्या बसवताना काही कारागीर खाली ट्रॅप न देता सरळ पाइप जोडून मोकळे होतात. जुन्या बिडाच्या (कास्ट आयर्नच्या) नहाणी ट्रॅपमध्ये जाळीखाली एक उपडी वाटी असते आणि सील त्या वाटीमुळेच तयार होतं. पाणी हळू जातं म्हणून ती काढून फेकलेली मी कितीतरी नौपाड्यातल्या जुन्या घरांत बघतो. वाटी नाही म्हणजे सील नाही. हार्डवेअरच्या दुकानात त्या मापाची वाटी मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर ट्रॅप बदलावा लागेल.

पाणी आहे पण दोन-तीन दिवसांत कमी होतं, असं असेल तर केस बघा. केसांचा झुबका किंवा फरशीपुसण्याचा धागा ट्रॅपच्या कडेवरून पलीकडे लोंबत असेल, तर कंदिलाची वात तेल ओढते तसं तो पाणी ओढून पलीकडे सोडत राहतो. झुबका काढला की पाणी टिकतं.

आणि आता खरी परीक्षा. ती करायला पैसे लागत नाहीत, फक्त एक सकाळ लागते. रात्री झोपताना एका बाथरूमचा ट्रॅप काठोकाठ भरा. एक कोरडी लाकडी पट्टी तळापर्यंत बुडवा आणि ओली खूण कुठे आली तिथे पेनने रेघ मारा. त्या बाथरूममध्ये कुणालाही जाऊ देऊ नका. सकाळी सहाला परत पट्टी बुडवा. मग बिल्डिंगची आंघोळ-शाळा-ऑफिसची गर्दी सरली की, साडेनऊच्या सुमारास, पुन्हा एकदा.

रात्रीतूनच पाणी उतरलं तर ट्रॅपला तडा आहे किंवा तो केसांचा प्रकार आहे. रात्री जागेवर होतं पण साडेनऊला बोटभर खाली गेलं, तर तुमच्या घरात दोष नाही. वरच्या मजल्यांवरून पाणी खाली येताना तुमच्या ट्रॅपमधलं पाणी ओढून नेतंय आणि बिल्डिंगच्या पाइपला हवा कमी पडतेय. पाणी दोन्ही वेळा तसंच आहे आणि तरी वास येतोच, तर वाट जाळीतून नाही, दुसरीकडून आहे. या तीन उत्तरांपैकी कोणतं मिळालं त्यावर पुढे कुणाला बोलवायचं आणि खर्च कुणी करायचा हे ठरतं.

गच्चीवर जा

मधलं उत्तर मिळालं असेल तर हा भाग नीट वाचा. सततच्या वासाचं हे कारण प्लंबरच्याही नजरेतून सर्वांत जास्त वेळा निसटतं.

दहाव्या मजल्यावर फ्लश झाला की पाणी पाइप भरून खाली येत नाही. ते पाइपच्या भिंतीला धरून उतरतं, मध्ये हवेचा गाभा राहतो, आणि उतरणारं पाणी त्या हवेला आपल्यासोबत खाली ओढतं. ओढलेल्या हवेच्या जागी वरून नवी हवा यायला हवी. त्यासाठीच उभा पाइप गच्चीच्या वर नेऊन तोंड उघडं ठेवलेलं असतं. तोच व्हेंट, आणि त्याच्या टोकावर ती टोपीसारखी काउल. हे तोंड बंद झालं की पाणी हवा मिळेल तिथून घेतं, म्हणजे जवळच्या ट्रॅपमधून. कमोड आपोआप गुडगुडतो, जाळीतून ‘भक्’ असा आवाज येतो, बॉटल ट्रॅपचं पाणी खेचलं जातं. मग गटारातली हवा रिकाम्या ट्रॅपमधून निवांत घरात येते.

आपल्याकडे हे तोंड बंद होण्याची दोन कारणं फार दिसतात. पहिलं वॉटरप्रूफिंग. चायना मोझॅकचं काम करताना पाइपात माल पडू नये म्हणून गवंडी सिमेंटच्या गोणीचा बोळा कोंबतात आणि काम झाल्यावर तो तसाच राहतो. कधी पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून कुणीतरी समंजसपणे पाइपला टोपी घट्ट बसवतं. व्हेंटमध्ये पावसाचं पाणी गेलं तर काही बिघडत नाही, ते लाइनमधूनच निघून जातं. तोंड मात्र उघडं हवं.

दुसरं कारण गच्चीवरची पत्र्याची शेड. गळती थांबावी म्हणून ठाणे-नवी मुंबईतल्या असंख्य सोसायट्यांनी गच्चीवर शेड घातली आहे. ती घालताना आड येणारे व्हेंट पाइप एक तर कापले जातात किंवा शेडच्या आतच सोडले जातात. मग सगळ्या बिल्डिंगची गटाराची हवा शेडखाली साठते आणि जिन्यातून, लिफ्टच्या रूममधून, खिडक्यांतून वरच्या दोन मजल्यांत उतरते. वरच्या मजल्यावरच्या माणसाला रात्री वारा पडल्यावर वास येत असेल, तर बाथरूमकडे बघण्याआधी शेडकडे बघा. पाइप पत्र्यातून आरपार नेऊन पत्र्याच्या वर काढला पाहिजे आणि भोवतीची फट रबर कॉलर आणि सीलंटने बंद केली पाहिजे. उघड्या, वावर असलेल्या गच्चीवर पाइप माणसाच्या डोक्याच्या वर, सुमारे २ मीटर उंच असावा आणि कुणाच्या खिडकीच्या तोंडाशी नसावा.

तपासणी सोपी आहे. गच्चीवर दोन माणसं जा. एकाने खाली फोन करून त्याच लाइनवरच्या दोन-तीन फ्लॅटमध्ये एकदम फ्लश करायला सांगायचं. दुसऱ्याने काउलच्या तोंडाशी टिश्यू पेपरची पट्टी धरायची. हवा आत ओढली गेली की पट्टी पाइपकडे वळते. ढिम्म राहिली तर पाइप वरून बंद आहे. इथे अगरबत्ती, काडी, लायटर असं काहीही पेटवू नका. लाइनमध्ये मिथेन असू शकतो.

व्हेंट मोकळा करणं हे सोसायटीचं काम. उभ्या लाइन, डक्ट (पाइपांसाठी सोडलेली उभी मोकळी जागा), गच्ची हे सगळं सामाईक. त्यामुळे सेक्रेटरींना तोंडी सांगून सोडू नका. पट्टीच्या रेघांचा फोटो, वेळांचा कागद आणि वरच्या-खालच्या दोन घरांची सही घेऊन अर्ज द्या. खालच्या काकूंना विचारा, ‘काकू, सकाळी तुमचा कमोडही गुडगुडतो का हो?’ हो म्हणाल्या तर तुमच्या एकट्याची तक्रार राहत नाही, लाइनची होते.

पोडियमच्या लगेच वर राहणाऱ्यांसाठी

तुमचा त्रास उलटा असतो. उभा पाइप खाली जिथे आडवा वळतो, तिथे वरून येणारी हवा अडते आणि दाब वाढतो. स्टिल्ट पार्किंग किंवा पोडियमच्या (इमारतीखालच्या पार्किंगच्या मजल्यांच्या) छताखाली हे वळण असतं, आणि त्याच्या लगेच वरच्या घरांत ट्रॅपमधून हवा, कधी पाणी, कधी साबणाचा फेस वर येतो. शनिवारी-रविवारी सगळ्यांच्या वॉशिंग मशीन चालू असताना जाळीतून फेस येणं ही याची पक्की खूण. फेस पाण्यासारखा निघून जात नाही. तो वळणात बसून हवेचा रस्ता अडवतो.

यावर खरा उपाय म्हणजे सर्वांत खालच्या घराची लाइन उभ्या पाइपला न जोडता वेगळी नेऊन थेट चेंबरला देणं. ते होईपर्यंत जाळीखाली एकेरी सिलिकॉन झडप बसवून चालतं, पण तिच्यात केस अडकले की ती उघडीच राहते, म्हणून दर पंधरा दिवसांनी काढून धुवा. बाजारात एअर अ‍ॅडमिटन्स व्हॉल्व्ह मिळतो. तो हवा फक्त आत घेतो, बाहेर सोडत नाही. त्यामुळे वरच्या मजल्यावर ओढ कमी करायला तो उपयोगी पडतो, पण खालच्या या दाबावर काहीच करत नाही. गच्चीवरच्या व्हेंटची जागा तर तो अजिबात घेऊ शकत नाही. कुणी तसं सांगून विकत असेल तर घेऊ नका.

पाणी जागेवर आहे, तरीही वास

आता तिसरं उत्तर. प्रत्येक संशयित जागा एका वेळी एक अशी बंद करून बघायची. जाळीवर जाड प्लॅस्टिक आणि टेप लावा, रात्रभर ठेवा. सकाळी वास तसाच असेल तर जाळी निर्दोष ठरली. पुढची जागा घ्या.

बेसिनखाली वाका. बऱ्याच घरांत वळ्यावळ्यांचा लवचीक पाइप भिंतीतल्या मोठ्या भोकात नुसता खुपसलेला असतो आणि बाजूने बोट जाईल एवढी फट असते. ट्रॅप कितीही चांगला असो, हवा त्या फटीतून येते. रबर कपलिंग बसवा. पन्नास-शंभर रुपयांच्या वस्तूने हा त्रास कायमचा जातो. वॉशिंग मशीनचा पाइप जाळीत खोचलेला असेल तर तिथेही तीच फट.

कमोडच्या मागे पांढऱ्या सिमेंटचा जॉइंट असतो. कमोडवर बसून थोडं डोललं आणि तो हलला, तर जॉइंटला चीर पडलीय असं समजा. हलत नसेल तर जॉइंटभोवती टाल्कम पावडर भुरभुरवा आणि वर कुणालातरी फ्लश करायला सांगा. पावडर उडाली तर तिथे हवा आहे. पुन्हा सिमेंटचा थापा मारण्यापेक्षा कमोड काढून रबरी पॅन कनेक्टरवर बसवणं जास्त टिकतं.

एक्झॉस्ट लावल्यावरच वास वाढतो? बाथरूमचं दार घट्ट बसतं, खालून फट नाही, म्हणून पंखा बाहेर फेकलेल्या हवेच्या बदल्यात जाळीतून हवा ओढतोय. दार दोन बोटं उघडं ठेवून पंखा लावा. फरक पडला तर दाराला खालून फट द्या. याच्या उलट, पंखा बंद असताना वास येत असेल तर डक्टमध्ये डोकवा. जुन्या इमारतींत बिडाचे पाइप गंजून उभे चिरतात, आणि खिडकीच्या काचेच्या पट्ट्यांमधून तो वास सरळ आत येतो. पट्ट्यांवर एक रात्र प्लॅस्टिक लावलं की खात्री होते.

बेडरूममध्ये गटाराचा वास हे लोकांना सर्वांत जास्त चक्रावून टाकतं. एसीच्या पाण्याचा बारीक पाइप कुठे सोडलाय ते बघा. तो बाथरूमच्या वेस्ट लाइनला ट्रॅपशिवाय जोडलेला असेल, तर एसी लावला की ब्लोअर तिथूनच हवा ओढतो. तो पाइप काढून जाळीच्या वर, मोकळ्या हवेत सोडा.

फक्त गरम पाणी सोडल्यावर वास येतो तेव्हा ड्रेनेजचा नाद सोडा, गिझरची टाकी साफ करून घ्या. फक्त फ्लशनंतर येतो आणि तुमच्या संकुलात प्रक्रिया केलेलं सांडपाणी फ्लशला वापरतात, तर फ्लशच्या टाकीचं झाकण उघडून हुंगा. तिथेच वास असेल तर प्रकल्प चालवणाऱ्याला गाठायला हवं, प्लंबरला नाही. आणि स्वयंपाकघराजवळ सडक्या कोबीसारखा उग्र वास आला तर आधी गॅस समजा. पाइप गॅसला तो वास मुद्दाम दिलेला असतो. व्हॉल्व्ह बंद करा, खिडक्या उघडा, दिव्याच्या बटणाला हात लावू नका आणि घराबाहेर येऊन गॅस कंपनीच्या तातडीच्या नंबरवर फोन करा.

पावसाळा आणि तळमजला

नवी मुंबईचे कितीतरी सेक्टर सखल जमिनीवर आहेत. भरतीचं पाणी सांभाळायला सिडकोने धारण तलाव केले ते त्यामुळेच. मोठा पाऊस आणि मोठी भरती एकत्र आली की चेंबर भरतात, लाइनमधली हवा कोंडते आणि तळमजल्याच्या जाळीतून बुडबुडे येतात. अशा दिवशी लाइन साफ करायला माणूस बोलावून काही होत नाही. पाऊस ओसरल्यावर चेंबर उघडवून बघा: पाणी उतरलं नसेल तर पुढे रस्त्याच्या लाइनमध्ये अडथळा आहे आणि पालिकेच्या वॉर्ड ऑफिसला तक्रार द्यायची. जुन्या इमारतीत उभा वेस्ट पाइप (सांडपाण्याचा पाइप) खाली गली ट्रॅपमध्ये, म्हणजे बाहेर जमिनीत बसवलेल्या ट्रॅपमध्ये, उतरतो. सफाई करताना सळई मारून तो ट्रॅप फोडला गेला असेल, तर चेंबरची हवा त्या पाइपने सगळ्या मजल्यांवर चढते. गली ट्रॅपमध्ये पाणी दिसतंय ना, हे पावसाळ्यानंतर एकदा बघून घ्या.

चेंबर, सेप्टिक टँक किंवा एसटीपीच्या (सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पाच्या) टाकीत कुणालाही उतरवू नका. ‘दादा, दोन मिनिटं उतरून बघ ना’ हे वाक्य सोसायटीतल्या कुणाच्याही तोंडून निघता कामा नये. हायड्रोजन सल्फाइड थोडा असतो तेव्हा सडक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त झाला की नाकच काम करेनासं होतं आणि माणसाला वाटतं वास गेला. मे २०१९ मध्ये ठाण्यात ढोकाळीच्या एका गृहसंकुलाच्या सांडपाणी टाकीत तीन सफाई कामगार असेच गेले. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणं हा गुन्हा आहे. सक्शन गाडी मागवा. उशीर झाला तर होऊ दे.

अ‍ॅसिडचंही तसंच. जाळीत अ‍ॅसिड ओतून वर ब्लीचिंग पावडर टाकली तर क्लोरीन वायू निघतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जीवघेणा ठरू शकतो. शिवाय अ‍ॅसिड बिडाचा पाइप आणि सिमेंटचे जॉइंट खातं, म्हणजे उद्याच्या वासाची वाट आपणच करून देतो.

काम झाल्यावर

व्हेंट उघडला, जॉइंट बदलला, वाटी बसवली, जे काही केलंत त्यानंतर तीच लाकडी पट्टी परत काढा आणि तीच रात्र-सकाळची नोंद पुन्हा करा. प्लंबरचे उरलेले पैसे त्या नोंदीनंतर द्या, आणि हे त्याला आधीच सांगून ठेवा, म्हणजे वाद होत नाही. साडेनऊला रेघ रात्रीच्या जागेवर राहिली तर काम झालं. अर्धा बोट उतरली तर त्याच उभ्या लाइनवर अजून कुठेतरी अडथळा आहे, बहुधा गच्चीखालच्या पहिल्या वळणात, आणि तिथून पुन्हा शोध सुरू करायचा.